नळाआधी वीज

भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात दिवसाला १९१० आणि ९०० दशलक्ष लिटर क्षमतेची दोन केंद्रं आहेत. मुंबईचं बरंचसं पाणी इथे गाळून, क्लोरिन घालून मगच नळाला लागतं. त्यातला एक वाटा इगतपुरी तालुक्यातल्या अप्पर वैतरणा धरणाचा. तो इथे पोहोचण्याआधीच वीज देऊन आलेला असतो.

त्या धरणाच्या पाण्यावर ६० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र चालतं. अशा केंद्रात उंचावरचं पाणी पोलादी पाइपांतून खाली उतरतं, दाबाने टर्बाइन फिरवतं आणि त्याच दांड्यावरचं जनित्रही फिरतं. चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांसमोरून फिरला की वेटोळ्यांत वीज निर्माण होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची; त्यामुळे १२ ध्रुवांचं जनित्र मिनिटाला ५०० फेऱ्यांवरच राखावं लागतं. ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवला की वीज तारांवर चढते.

सोसायटीचा पंप वीज खाऊन पाणी गच्चीवर चढवतो, त्याचा हा उलटा व्यवहार. सगळा हिशेब उंचीचा. हजार लिटर पाणी २० मीटर पडलं तर युनिटचा जेमतेम विसावा भाग हाती येतो. तेच ५०० मीटर उतरलं तर घट धरूनही सुमारे सव्वा युनिट! म्हणून टाटांनी घाट हेरला. लोणावळ्याच्या परिसरातली तळी वर, केंद्र खाली खोपोलीत. १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा आले. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीची गावं बुडाली. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध होता. भीमेच्या खोऱ्यातलं हे पाणी कोकणात उतरतं, ते पूर्वेकडच्या शेतांना परत मिळत नाही.

वैतरणेचं तसं नाही. टर्बाइनमधून सुटलेलं अवजल नदीतून मोडकसागरात येतं आणि तिथून आपल्याच उताराने भांडुपला पोहोचतं. टर्बाइन पाणी पीत नाही, फक्त त्याची उंची घेतं.

भांडण उरतं ते वेळेचं. विजेला पाणी हवं संध्याकाळी, मागणी चढते तेव्हा. नळाला हवं रोज, आणि पाऊस लांबला तर जुलैपर्यंत पुरेल एवढं. पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर टर्बाइन जरूर बसवावीत, पण पाणी कधी सोडायचं हे नळाकडे बघूनच ठरवावं.