आधी विरजण, मग मासे

दोन फुटी टाकी, रंगीत खडीची पिशवी, फिल्टर आणि आठ गप्पी मासे. माझी पहिली फिशटँक अशी एकाच फेरीत घरी आली. ‘पाणी भरा, मासे सोडा’, एवढंच दुकानदाराने सांगितलं होतं. सहाव्या दिवशी टाकीत एकच गप्पी उरला. पाणी मात्र नितळ. घरात निदानं झाली: नजर लागली, क्लोरीन असेल, खाणं जास्त पडलं. यातलं शेवटचं निदान निम्मं बरोबर होतं.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि कुजकी पानं त्यात भर घालतात. नदीत तो विरून जातो, 56 लीटरच्या काचेच्या पेटीत साठत राहतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी बघून काही कळत नाही. पाण्याचा पीएचही महत्त्वाचा. पीएच 7 आणि तापमान 25 अंश असेल, तर जेमतेम अर्धा टक्का अमोनिया घातक रूपात असतो. बाकीचा अमोनियम होऊन राहतो, तो तितका त्रास देत नाही. पीएच 8 झाला की घातक वाटा पाच टक्क्यांच्या पुढे जातो. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

या अमोनियाचा फडशा पाडतात ते जिवाणू. एक गट त्याचं नायट्राइट करतो. तेही विषच, माशाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद ते काढून घेतं आणि रक्त तपकिरी पडतं. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो, असं छंदाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जायचं. 1998मध्ये टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा सापडला. पुढे 2015मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायराही उजेडात आले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमधून मिळाले होते. माशांची घाण गाळणाऱ्या यंत्रातून ‘नेचर’मध्ये छापण्याजोगा शोध निघतो, याची मला अजून गंमत वाटते.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. टाकी ‘सायकल’ करायची म्हणजे त्यांची वस्ती बसू द्यायची. दही लावण्यासारखंच हे, पण दह्याचे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात आणि यांना त्यासाठी अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून रात्रीचं काम चार ते सहा आठवड्यांवर जातं. आपण करायचं इतकंच: पाणी, खडी, झाडं, फिल्टर चालू, आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर माशांचं खाणं. ते कुजून अमोनिया तयार होतो, जिवाणूंचं पोट भरतं. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतं. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी लागली. घाई असेल तर मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा. ते खरं विरजण.

झाडं हवीतच. 1850मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं. सडलेल्या पानांनी पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि जम बसला. झाडांनी प्राणवायू द्यायचा, असा त्याचा हिशेब. पण झाडं याहून मोठं काम करतात. डायना वॉलस्टॅडच्या 1999च्या पुस्तकाचा भर त्यावरच आहे: बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. म्हणजे विष तयार होतानाच त्याला गिऱ्हाईक मिळतं. तिच्या पद्धतीत तळाला इंचभर साधी माती आणि वर खडीचा थर, बस्स. मातीत खत मिसळलेलं नको. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला अशी भराभर वाढणारी झाडं सुरुवातीला दाटीने लावा. दिवा सात-आठ तास पुरे, खिडकीतल्या उन्हात टाकी ठेवलीत तर काचेवर शेवाळ चढेल. आणि कासच्या पठारावरचा वायतुरा टाकीत छान दिसेल, असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. तो साताऱ्याच्या परिसराबाहेर फारसा कुठे उगवत नाही.

टाकी लागल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीनच मासे सोडा. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या खाण्याइतकीच असते, एकदम डझनभर पाहुणे आले तर ती पुरत नाही. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नव्या पाण्यातला क्लोरीन आधी काढून. स्पंज नळाखाली खसाखसा धुण्याचा मोह आवरा, महिन्याभराची वस्ती पाच मिनिटांत वाहून जाते. टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत तो पिळायचा. ते पिवळट पाणी नंतर मोरीत ओतू नका. कुंडीतल्या मोगऱ्याला घाला, नायट्रेट त्याला हवंच असतं.