टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक

टोमॅटोच्या शेतात मधूनच झेंडूची ओळ दिसली की वाटतं, दसऱ्याची सोय केलेली दिसतेय. (फुलं बाजारात जातात, हेही खरंच.) गच्चीवर बाग फुलवणारे मात्र ठासून सांगतात की झेंडूच्या उग्र वासाने कीड पळते. टोमॅटो पोखरणाऱ्या अळीचं गणित याच्या नेमकं उलट आहे.

ही अळी म्हणजे हरभऱ्यावरची आपली घाटे अळीच. डोकं फळात, निम्मं अंग बाहेर, अशी ती सापडते. एक टोमॅटो पुरता न संपवताच दुसऱ्याला भोक पाडते. तिच्या मादी पतंगाला अंडी घालायला टोमॅटोपेक्षा कळ्याफुलांनी लगडलेला झेंडू अधिक पसंत पडतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही पसंतीच कामाला लावली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धत साधी आहे: टोमॅटोच्या 16 ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ. याला म्हणतात सापळा पीक.

मेख आहे ती वयात. लावणीच्या दिवशी टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं असेल, तर झेंडूचं 40 दिवसांचं हवं. तरच दोघं एकदम फुलावर येतात. दोन्हींचं बी एकाच दिवशी टाकलं, तर टोमॅटो फुलतो तेव्हा झेंडू नुसता पाल्यावर असतो आणि पतंग टोमॅटोवरच उतरतात.

शिवाय सापळा लावून झोपता येत नाही. झेंडूच्या कळ्या तपासून अळ्या वेचायला हव्यात, किंवा त्या ओळीवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारायला हवा. हे टाळलं, तर आपणच खर्च करून किडीला पाळणाघर काढून दिलं म्हणायचं!

मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींशी मात्र झेंडू खरोखर लढतो. त्याच्या मुळांतली सूत्रकृमीनाशक रसायनं नेदरलँड्सच्या संशोधकांनी 1958 मध्ये ओळखली. पण त्यासाठी चार रोपं पुरत नाहीत. टोमॅटोच्या आधी त्याच वाफ्यात दाट झेंडू घ्यावा लागतो.

तेव्हा यंदा रोपं घरीच करणार असाल, तर झेंडू आधी पेरा. टोमॅटोचं बी पंधरा दिवसांनी.