वाफ्यालाही कूड



भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी वाड्यांवर परसबाग करायची, तर अडचणी दोन. जागा चार पावलांची, तीही बहुधा दुसऱ्याच्या मालकीची. आणि उतारावरची मुरमाड माती आषाढात टिकत नाही. मागच्या वर्षी मी सपाट वाफे करायला सांगितले. पंधरा दिवसांत रोपे व खत ओढ्याला गेले. मग मी सिमेंटच्या विटांचा हिशेब मांडत होतो, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "दादा, घराला कूड करतो, तसा वाफ्यालाबी कर की. पक्कं बांधलं तर जागेचा मालक उठवंल आम्हाला."

ते माझ्या ध्यानातच आले नव्हते.

पद्धत अशी. वाफा उताराला आडवा, ६ फूट लांब व ३ फूट रुंद आखावा. दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. कोपऱ्यांना बांबूच्या मेढी, त्यांमध्ये वीतभर अंतरावर कारवीच्या काठ्या पहारीने भोक पाडून रोवाव्यात. निरगुडीच्या ओल्या फांद्या एका काठीच्या पुढून, दुसरीच्या मागून विणाव्यात. वरची ओळ उलट. दीड फूट उंची पुरे.

घराचा कूड शेणमातीने लिंपतात. हा लिंपू नये. फटींतून जादा पाणी निघून जाते. माती वाहू नये म्हणून आतून गवत लावावे. तळाशी काटक्या, वर पालापाचोळा, मग दोन पाट्या मातीला एक पाटी कुजलेले शेणखत.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. फुलावर आलेली तोडू नये. बी गळू द्यावे. कूडही दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. तो खतात टाकून नवा विणावा.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्टीवर जातात. त्याआधी, भातलावणी उरकल्यावर हाताला काम नसते, तेव्हाच ही भाजी ताटात येते. यंदा आजींच्या वाफ्यात माठ व मिरची आहे, कुडावर दोडका चढला आहे.

लूकच्या १३ व्या अध्यायातला माळी अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागतो, भोवती खणून खत घालू म्हणतो. मीही वाडीकडे एक वर्ष मागितले होते. शिकलो मात्र मीच.

आपल्या घरी गावठी दोडका, भेंडी, घेवड्याचे बी असेल, तर मूठभर राखेत घोळवून जपून ठेवा आणि आमच्याकडे पोहोचवा. या वाड्यांना स्वतःची जागा मिळावी, म्हणून प्रार्थना करा.