आधी विचारा, मग बांधा!

फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही मेससाठी बायोगॅस प्लँट डिझाइन केला. आकडेमोड चोख, पण स्वयंपाकाच्या मावशींना कुणी विचारलंच नव्हतं! तेव्हा अमूल्य रेड्डींबद्दल वाचलेलं आठवलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या या शास्त्रज्ञाने १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा गट सुरू केला. कर्नाटकातल्या पुरा गावात त्यांनी शेणाचा गॅस आधी स्वयंपाकासाठी दिला. तो पुरेना. गावाची खरी गरज होती पिण्याचं पाणी. मग डिझेलच्या जोडीला तोच गॅस वापरून जनरेटर चालला. नळाला पाणी, घरात दिवे आले. शेण देणाऱ्याला पैसे मिळाले, खतही परत मिळालं. म्हणजे धोरण, नीती, पर्यावरण हे काही वेगवेगळे पेपर नव्हेत. मित्रांनो, उद्या आम्ही मावशींकडे जातोय, कोरी वही घेऊन!