कोकम, कॅफिन आणि स्थूलता

हरिहरेश्वर-श्रीवर्धन परिसरात उन्हाळा सरता सरता घरोघरी रातांबे फोडले जातात, आमसुले वाळतात, आगळ बरण्यांत भरले जाते. याच कुळातील फळांचा अर्क, पुष्कळदा कॅफिनची जोड देऊन, वजन घटविणाऱ्या कॅप्सूलच्या रूपाने विकला जातो. ‘याने खरोखर चरबी कमी होते का?’ हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. कोकमाच्या कुळातील मलबारी चिंचेत हेच आम्ल प्रमुख असल्याचे म्हैसूर येथील लुईस व नीलकंठन या संशोधकांनी १९६५ साली दाखवून दिले. जादा साखरेचे चरबीत रूपांतर होण्यासाठी शरीराला जे विकर लागते, त्याच्या कार्यात हे आम्ल अडथळा आणते. उंदरांवरील प्रयोगांत हा परिणाम दिसल्याने आशा वाढल्या. परंतु १९९८ साली अमेरिकेत जादा वजनाच्या १३५ व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. सर्वांना कमी उष्मांकाचा आहार होता. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले. औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! अर्काचा विशेष लाभ सिद्ध झाला नाही.

कॅफिनमुळे काही तास शरीराचा ऊर्जाव्यय किंचित वाढतो. सवय झाली की परिणाम ओसरतो. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गर्भवतीने २०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अतिरेकाने झोप उडते, धडधड होते. शिवाय चहात दोन चमचे साखर घातली की सुमारे ४० उष्मांक पोटात जातात आणि तो किरकोळ लाभही उरत नाही.

अशा अर्कांच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. मधुमेह, रक्तदाब वा यकृताचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत. चालू औषधे तर मुळीच बंद करू नयेत.

मग कोकम सोडावे का? मुळीच नाही. जेवणातील आमसूल व सोलकढी ही आपली उत्तम परंपरा आहे. केवळ सरबतातील साखर आणि आगळातील मीठ यांचे भान ठेवावे.

पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरहून व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास तपासणी करून घ्यावी. येताना घरी चालू असलेल्या कॅप्सूलची बाटलीही संकोच न करता सोबत आणावी. दोष देण्यासाठी नव्हे, तर योग्य सल्ला देता यावा म्हणून आम्हांस ती पाहावयाची असते. मिताहार, नियमित चालणे आणि वेळेवर तपासणी हा मार्ग संथ आहे, पण खात्रीचा आहे. देणगीदारांच्या साहाय्याने तोच मार्ग घराघरांत पोहोचावा, ही आमची नम्र इच्छा आहे.