उतारवयातील शेतमजुरांची निगा

खुरपणीची पात पुढे सरकत असता साठी ओलांडलेली एखादी मजूर बाई मध्येच उठते, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहते आणि पुन्हा खाली बसते. घशाला कोरड पडली तरी ती बांधावरील घागरीपर्यंत जात नाही. पात मागे राहिली तर उद्या बोलावणे येणार नाही, ही धास्ती तिच्या मनात असते. शेतमजुरास निवृत्तीचे वय नाही. हातपाय चालतात तोवर त्यास राबावे लागते. म्हणून पाणी व विसावा यांची सोय वृद्धांनी मागण्याची वाट न पाहता ती कामाच्या आखणीतच करावयास हवी.

पाणी व सावली

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंद होते, घाम कमी सुटतो आणि शरीरातील पाणी राखण्याची मूत्रपिंडांची शक्तीही उणावते. त्यामुळे ‘तहान नाही’ हे वृद्धाचे उत्तर पुरेसे मानू नये. उन्हाळ्यात घागर पातीबरोबर पुढे न्यावी व दर वीस मिनिटांनी सर्वांनीच थांबून पेलाभर पाणी प्यावे. सारेच थांबले म्हणजे मागे पडल्याचा संकोच कोणासही वाटत नाही. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी अधिक होते. तरी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आडोशाची सोय नसल्यामुळे अनेक स्त्रिया पाणी पिण्याचेच टाळतात; ती सोय शेतमालकाने अवश्य करावी. काम पहाटे सुरू करून दुपारी बारा ते तीन सावलीत विसावा द्यावा.

कामाची वाटणी

सोळा लिटरचा फवारणी पंप भरला म्हणजे पाठीवर सोळा किलोंहून अधिक भार येतो. असे काम व पोती उचलणे तरुणांकडे द्यावे. ओळीतील पिकात सायकल कोळपे चालविल्यास उभ्याने तण निघते व गुडघ्यांवरील ताण वाचतो. बियाणे निवडणे, शेंगा फोडणे, रोपे मोजून देणे ही कामे सावलीत बसून होतात आणि तेथे जुन्या नजरेचा उपयोगही होतो. मात्र काम बदलले म्हणून मजुरी कापू नये. तसे झाल्यास दुखणे लपविले जाईल.

धोक्याची लक्षणे

उन्हात काम करताना मनुष्य असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. अंगास घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी शेतमालक व मुकादम यांची बैठक घेऊन या गोष्टी ठरवून घ्याव्यात. वृद्ध मजुरांचा रक्तदाब, साखर व दृष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी. ज्या हातांनी गावाची शेती उभी केली, त्यांस पाण्याचा पेला मागण्याची पाळी येऊ नये.