स्तनाचा कर्करोग : घराण्याची माहिती झाकू नये

शाकाहार, रात्रिभोजनत्याग आणि निर्व्यसनी आचरण ही आपल्या श्रावक-कुटुंबांची मोलाची ठेव आहे. मद्य वर्ज्य असल्याने स्तनाच्या कर्करोगाचा एक धोका टळतो, हेही खरे. परंतु आहार शुद्ध असलेल्या घरात हा रोग शिरत नाही, ही समजूत चुकीची आहे.

वाढते वय हा मोठा धोका कोणालाच टाळता येत नाही. पाळी लवकर सुरू झाली किंवा उशिरा थांबली, तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा स्तनातील पेशींवरील प्रभाव अधिक काळ राहतो. अपत्य नसणे किंवा पहिले अपत्य तिशीनंतर होणे, यानेही धोका वाढतो. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच ख्रिस्ती जोगिणींमध्ये हा रोग अधिक आढळत असल्याचे नोंदविले होते. म्हणून साध्वीजी व आर्यिका माताजी यांची वैयावृत्त्य करताना श्राविकांनी स्त्री-डॉक्टरकडून तपासणीची सोय विनयपूर्वक सुचवावी.

काही गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मधील एकत्रित विश्लेषणात, स्तन्यपानाच्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले. रजोनिवृत्तीनंतर वाढणारे वजन आणि बैठी दिनचर्या यांनाही आवर घालता येतो.

सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तीन पिढ्यांचे चोपडे जपणाऱ्या घरात आत्या कशाने गेली, हे मात्र मुलीला ठाऊक नसते. सोयरीक अडेल या भयाने झाकलेली ही माहितीच तिला वेळीच सावध करू शकली असती. आजी, आत्या, मावशी यांचे आजार व तेव्हाचे वय लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. टाटा स्मारक केंद्राने मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीस यंत्र लागत नाही. संकोच बाजूला ठेवून घरातील प्रत्येक स्त्रीने तिशीनंतर ती नियमित करून घ्यावी.